उचलू नका

४ फेब्रुवारी, मंगळवार

फिजिओथेरपीच्या मॅडम आजपासून यायला लागल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणार. त्यांनी एक छापील तक्ता दिलाय. व्यायाम झाला की चौकोनात बरोबरची खूण करायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पण चौकोनात मावून मावणार किती? म्हणून ही वही काढली. कामावरची उरलेली आहे. पहिल्या पानांवर कुणाच्या तरी घराची यादी आहे: लोखंडी कपाट एक, लाकडी कपाटं दोन, पलंग, शिलाई मशीन. त्याच्या पुढे आता आमच्या हिची पाळी.

बारा जानेवारीला ही बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन करून आत सळी घातली. डॉक्टर म्हणाले, सळी पक्की बसलीय, पायावर भार द्यायला हरकत नाही, आता पुढचं काम स्नायूंचं.

आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर. अठरा पायऱ्या, लिफ्ट नाही. दवाखान्याची माणसं हिला घरी सोडायला पट्ट्यांची खुर्ची घेऊन आली होती. दोघं जण, आणि खुर्ची नेमकी वळणावर अडकवून बसले. मी म्हटलं, बाजूला व्हा. एकोणचाळीस वर्षं लोकांचं घरसामान हलवलंय, त्यातली शेवटची अकरा मुकादम म्हणून. हिला दोन्ही हातांवर घेतलं आणि वर आणलं. वय चौसष्ट, पण दम लागला नाही. काही लाज बाळगा, असं म्हणाली ही. म्हणाली, पण मानेला मिठी घट्ट होती. त्या रात्री मला जी झोप लागली तशी, घरी बसलो त्याला चार वर्षं झाली, एकदाही लागली नव्हती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन आला होता. ती सहा तासांच्या अंतरावर राहते आणि तिथूनच आमचं घर चालवते. म्हणाली, आई स्वतःच्या पायांनी खाली उतरू शकत नसेल तर त्या घरात तिला ठेवण्यात अर्थ नाही. उद्या काही झालं तर बाहेर कशी पडणार? तिने तारीखसुद्धा देऊन टाकली. वीस एप्रिलला रविवार आहे, गाडी घेऊन येते. तोवर आई अठरा पायऱ्या उतरली तर ठीक, नाही तर मी तिला कायमची घेऊन जाते. तिच्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, एका पलंगाची. मी विचारलं, आणि मी? तर म्हणाली, बाबा, तुमचं बघू नंतर.

तुमचं बघू नंतर! अडगळीतल्या सामानाबद्दल आम्ही गिऱ्हाइकाला असंच सांगायचो.

हिला मी सगळं सांगितलं नाही. पण हिचे कान तिखट आहेत, भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमचं वय आमच्या लेकीपेक्षा कमी असेल. पण शिकवायला बसल्या की शाळेतल्या बाई. आज हिच्या पायावर बोट ठेवून त्यांनी सगळा नकाशा सांगितला. मांडीच्या पुढच्या बाजूला एक मोठा स्नायू आहे, तो चार भागांचा. तो आवळला की गुडघा सरळ होतो. मांडीच्या मागचा आवळला की वाकतो. स्नायूला येतं एकच काम, आखडून ओढायचं. ढकलणं त्याला येतच नाही. म्हणून तर प्रत्येक सांध्याला पुढून एक आणि मागून एक अशी जोडी असते. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचं.

मी म्हटलं, म्हणजे दोरीसारखं. दोरीने ओढता येतं, ढकलता कुठे येतं? मॅडम खूश झाल्या. काका, तुम्हाला तर निम्मं आधीच येतंय, म्हणाल्या. ही म्हणाली, उरलेलं निम्मं त्यांना या जन्मात येणार नाही.

शिवाय बसताना पाठ टेकेपर्यंत जो स्नायू आपल्याला हळूहळू खाली सोडतो, तोही मांडीचाच. काकूंनी खुर्चीतून उठायचं आणि धपकन न बसता हळू बसायचं, दिवसातून दोन वेळा, दहा दहा वेळा. बाकी पडून गुडघा गादीवर दाबायचा, पंजा वरखाली करायचा. जाताना मॅडम दारात थांबल्या आणि म्हणाल्या, काका, एक सांगते. हात द्या, पण उचलू नका.

मी मान डोलावली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सुरुवात केली. पहिल्यांदा उठतानाच हिचे पाय लटलटायला लागले, ओठ पांढरे पडले. दुसऱ्यांदा अर्ध्यात गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. ही रडणारी बाई नाही. बत्तीस वर्षं वाचनालयात नोकरी केली, दोन वरिष्ठांना रडवून घरी पाठवलं. मला बघवेना. म्हटलं, राहू दे आज. काखेत हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि पलंगावर नेऊन ठेवलं.

मॅडम अकराला येणार होत्या. तक्ता कोरा दिसला असता तर हिलाच बोलणी बसली असती. खूण करून टाकली. एका खुणेने काय आभाळ कोसळणार आहे?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आता घडी बसलीय. सकाळी उठवतो, बाथरूमला नेतो, खुर्चीत बसवतो. जेवणानंतर पलंगावर, चारला पुन्हा खुर्ची, संध्याकाळी खिडकीशी. दिवसाला नऊ-दहा उचल होतात. अंगाची सवय मोडलेली नाही. कंबर सरळ ठेवायची, जोर मांड्यांतून घ्यायचा, वजन छातीशी धरायचं. नव्या पोरांना हे शिकवताना घसा बसायचा माझा.

व्यायामाला ही आता नको म्हणते. पहिल्यांदा मी म्हणायचो राहू दे, आता तीच म्हणते, राहू दे हो, तुम्ही आहात ना. मीही आग्रह करत नाही. दुखतंय तर दुखतंय.

दुपारी दळण आणायला गेलो होतो. परत आलो तर खुर्ची वीतभर सरकलेली, हिला घाम आलेला. उकडतंय म्हणाली. फरशी गुळगुळीत आहे, खुर्ची सरकत असणार. चारही पायांना रबर ठोकून टाकलं.

संध्याकाळी जुन्या टोळीतला लंब्या भेटायला आला. मला बघून म्हणाला, मुकादम, तब्येत सुधारली की तुमची. घरात बायको अंथरुणावर आणि याला माझी तब्येत सुचते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी मांडीला टेप लावला. पहिल्या दिवशी साडेचाळीस सेंटिमीटर होती, आज एकोणचाळीस. दोनदा मोजली. मग तक्ता पाहिला. सगळे चौकोन भरलेले. मॅडम म्हणाल्या, व्यायाम करून मांडी बारीक व्हायला नको. काकू, नीट करताय ना? ही म्हणाली, करते की. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही.

मग मॅडमनी पुन्हा सांगितलं. न वापरलेला स्नायू शरीर ठेवून घेत नाही. खाऊन टाकतं. म्हाताऱ्या माणसाचा पंधरा दिवसांत जो जातो तो परत आणायला दोन-दोन महिने लागतात.

उद्यापासून करायचं, असं दोघांनी ठरवलं.

३ मार्च, सोमवार

शनिवारी चार वेळा उठली. काल दोन. आज एकदाही नाही. मी पाठीमागे उभा असतो. ती जराशी डगमगली की माझे हात आपोआप पुढे जातात. मी ठरवून करत नाही. ती म्हणते, धरलंच आहे तर न्या आता. मग नेतो. तक्त्यावर खूण करताना हल्ली मी तिच्याकडे बघत नाही.

थकलोय. उचलून नाही थकलो, कशाने ते कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार

साडेसदतीस. मॅडमनी पुन्हा टेप लावून पाहिला. गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, पायाच्या बोटांना टोचून पाहिलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाल्या की, इतके नियमित व्यायाम असूनही स्नायू झिजतोय म्हणजे कदाचित नसांचं काही असेल. घाबरू नका, पण तपासायला हवं. मंगळवारी नसांच्या डॉक्टरांकडे नंबर लावते, सोबत चिठ्ठी देते. स्नायूत सुया घालून तपासतात. जरा दुखतं.

बाहेर आलो तर ही खिडकीबाहेर बघत बसली होती. विचारलं, ऐकलंस? म्हणाली, ऐकलं. जाऊ या.

तेव्हाच मॅडमना सांगायला हवं होतं. त्या चपला घालत होत्या. त्यांनी दुसरी चप्पल घातली, जिना उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या, आणि मी दाराची कडी धरून उभाच.

९ मार्च, रविवार

उद्या सांगेन.

११ मार्च, मंगळवार

हिला खाली मीच नेलं, हातांवर. पाठीत कळ आली, नवव्या पायरीवर टेकावं लागलं. हिला कळू दिलं नाही. तिला कळलं.

नसांचे डॉक्टर वयस्क होते, जाड भिंगांचे. त्यांनी मॅडमची चिठ्ठी शांतपणे वाचली. चार आठवडे, रोज दोन वेळा, एकही खाडा नाही, तरी झीज, असं स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. मग समजावून सांगितलं. मेंदूकडून निघालेला हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचतो तेव्हाच स्नायू आखडतो. ती वाट कुठे तुटली असेल तर कितीही व्यायाम करा, स्नायू वाळतच जाणार. आणि तसं असेल तर ते चांगलं नाही. म्हणून सुया. मांडीत तीन, पोटरीत दोन, आणि सुई आत असताना पाय ताणायचा. हिने विचारलं, किती वेळ लागेल? ते म्हणाले, अर्धा तास. चालेल, म्हणाली.

नर्सने साडी गुडघ्याच्या वर सरकवली. मी इतके दिवस तो पाय हातात घेत होतो, पण असा पाहिला नव्हता. काठी झाली होती पायाची. डॉक्टरांनी कापसाने जागा पुसली. ही छताकडे बघत होती आणि तिची हनुवटी जराशी हलत होती, बस एवढंच.

मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. तो तक्ता खोटा आहे."

"कुठला तक्ता?"

"व्यायामाचा. व्यायाम झालेलेच नाहीत. खुणा मी केल्यात. मी हिला उचलून नेतो, सगळीकडे."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. भिंगांतून आधी माझ्याकडे, मग हिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे खरं का? मला वाटलं, आता मात्र ही माझी सालटी काढणार, आणि काढावीतच.

ही म्हणाली, "दोघांनी मिळून केलंय. त्यांचं एकट्याचं नाव लिहू नका."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, आजोबा, तुम्ही यांचा पाय खाल्लात. वर यांनी तो खाऊ दिला. मग चिठ्ठीच्या पाठीमागे मॅडमना चार ओळी लिहिल्या. नसा तपासायची गरज वाटत नाही, सहा आठवडे खरे व्यायाम द्या, मग पाहू.

१२ मार्च, बुधवार

दवाखान्यातून आणल्यापासून कोपऱ्यात पडलेला वॉकर धरून ती बाथरूमपर्यंत गेली. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत भिंतीला टेकून उभा राहिलो.

१३ मार्च, गुरुवार

आज मीच विषय काढला. म्हटलं, मी मूर्ख, ते जगजाहीर आहे. पण तू? तू दोन वरिष्ठांना रडवणारी. तू सुया घालून घ्यायला कशी तयार झालीस? तोंड उघडून एकदा मॅडमना सांगितलं असतंस तर?

ती चादरीची सुरकुती सरळ करत बसली. मग म्हणाली, "चार वर्षं तुम्ही त्या खिडकीत बसून होतात. हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. मी पडले आणि तुम्ही उठलात. म्हटलं, असू दे काही दिवस."

मी म्हटलं, आणि सुया?

"अर्ध्या तासाचं तर काम होतं."

हा काय हिशेब झाला? माझ्या बसण्या-उठण्याचा हिच्या पायाशी काय संबंध? मी चांगला होतो की खिडकीत. रस्ता बघत होतो, बस. पण ती असं म्हणाली आणि मला रडूच आलं. तिला दिसू नये म्हणून दूध तापवायला गेलो आणि ते उतू घालवलं.

१८ मार्च, मंगळवार

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. फक्त म्हणाल्या, काका, मी खुणांवर विश्वास ठेवला, चूक माझीही आहे. मग नवा कायदा लागू झाला. व्यायामाच्या वेळी मी घरात थांबायचं नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास जिन्यात जाऊन बसायचं. समोरच्या शिंपीणबाई हिच्याजवळ थांबतील. त्या धरतील, पण त्यांच्याने हिला उचलवणार नाही. मॅडमनी माणूस बरोबर निवडला.

म्हणजे मी आता पायरीवर. आतून खुर्चीचा आवाज येतो. कुईं, मग शांत, मग शिंपीणबाई आकडा म्हणतात. आज सहापर्यंत गेल्या. सहानंतर धप्पकन आवाज आला आणि मी दाराशी पोचलोसुद्धा. आतून ही ओरडली, पिशवी पडली, बसा बाहेर.

वरच्या मजल्यावरच्या बाई जाता जाता म्हणाल्या, काय हो, भांडण झालं का? मी म्हटलं, हो, जुनंच आहे.

२८ मार्च, शुक्रवार

अडतीस. मॅडमनी टेप मला धरायला दिला. अर्धा सेंटिमीटर म्हणजे किती, तर पेन्सिलीच्या जाडीहून कमी. त्यासाठी अकरा दिवस मी जिन्यात बसलोय. ही रोज रात्री पोटऱ्या चोळत कण्हते आणि सकाळी सातला शिंपीणबाईंना हाक मारते. मला नाही मारत.

खरं सांगायचं तर घर मोठं झाल्यासारखं वाटतं. हातांना काम नाही. खिडकीत जाऊन बसलो होतो थोडा वेळ, मग तिचं बोलणं आठवलं आणि उठून उगाच भांडी घासली.

८ एप्रिल, मंगळवार

जिन्याला सुरुवात. मला वाटलं होतं, चढणं अवघड आणि उतरणं सोपं. मॅडम म्हणाल्या, उलटं आहे. चढताना दम लागतो, पण स्नायू आखडत आखडत वर नेतो, ते त्याचं नेहमीचं काम. उतरताना त्याला ताणलं जाता जाता वजन धरून ठेवावं लागतं. जरा जास्त सुटला की माणूस खाली. दुखरा पाय आधी खाली टाकायचा, आणि तो टेकेपर्यंत वरच्या पायाच्या मांडीने सगळं अंग सोडत सोडत आणायचं.

ही तीन पायऱ्या उतरली आणि तीन चढली. मग अर्धा तास डोळे मिटून पडून राहिली. मॅडमनी मला खाली उभं केलं होतं, तिच्या दोन पायऱ्या पुढे, तोंड वर करून. म्हणाल्या, पडल्या तर अडवायचं. पडल्या तरच. एरवी हात कठड्यावर.

रात्री लेकीला फोन करून वीस तारीख पुढे ढकलता येते का विचारलं. नाही म्हणाली. तक्त्याची गोष्ट तिला शिंपीणबाईंकडून कळली होती. बाबा, तुमच्यावर कसा विश्वास ठेवू, म्हणाली.

१६ एप्रिल, बुधवार

नऊ उतरली. वळणापर्यंत. तिथून पुढे जमलं नाही, पाय थरथरायला लागला. उरल्या नऊ आणि दिवस चार. हिने आज जेवताना विचारलं, लेकीकडची खोली कुठल्या बाजूला आहे, ऊन येतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. नसली उतरली तर तिला गाडीपर्यंत नेणार कोण? मीच. माझ्याच हातांवरून ती जाणार.

२० एप्रिल, रविवार

लेक दहाला आली. हिची पिशवी तिनेच भरली, औषधं, चष्मा, चार साड्या, आणि गाडीत नेऊन ठेवली. मग वर येऊन म्हणाली, चल आई.

हिने काठी घेतली, डाव्या हाताने कठडा धरला. मी खाली, उलटा. लेक वर, पाठीमागे. शिंपीणबाई दारात. पहिल्या पाच पायऱ्या झाल्या. वळणावर नेहमीप्रमाणे थरथर सुरू झाली. ती थांबली. जरा वेळाने निघाली. दहा, अकरा. बाराव्या पायरीवर गुडघा लचकल्यासारखा झाला आणि ती कठड्यावर रेलली. चेहरा घामाने निथळत होता.

लेक म्हणाली, "बाबा, पुरे झालं. उचला तिला."

हिने माझ्याकडे पाहिलं. नको असं म्हणाली नाही. इतकी दमली होती की मी हात पुढे केले असते तर ती आली असती, मला दिसत होतं ते. कुणी मला दोषही दिला नसता, लेकच सांगत होती. उचलली असती, सहा पायऱ्या उतरलो असतो, गाडीत ठेवली असती, गाडी गेली असती. मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि म्हटलं, "मला नाही जमणार. तुझं तू बघ."

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने दुखरा पाय पुढे टाकला. वरची मांडी साडीतून थडथडताना दिसत होती, पण सोडत सोडत तिने अंग खाली आणलं. तेरा. मग चौदा. पुढच्या चार पायऱ्यांना किती वेळ लागला ते शिंपीणबाईंना विचारा, मी डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा ही फाटकाच्या खांबाला धरून उभी होती आणि लेकीला सांगत होती, गाडीतली माझी पिशवी वर घेऊन ये, औषधांची वेळ झाली. लेक रडत होती. मग पिशवी घेऊन वर गेली.

वर यायला आम्हाला पाऊण तास लागला. आता ही गाढ झोपलीय. लेक चहा करतेय आणि मधूनच येऊन आईच्या पायाकडे बघून जाते. आज दिवसभरात मी काहीसुद्धा उचललं नाही, ती पिशवीसुद्धा नाही. पण दोन्ही दंड असे भरून आलेत की पेन धरवत नाही.